पोलिओच्या लसीतील चाळिसावा विषाणू : लसीकरण व कर्करोग यांविषयीच्या लोकशंकेचे एक प्रकरण

लसीकरणाविषयी समाजात वेळोवेळी जी भीती उत्पन्न झाली, तिचा इतिहास सामान्यतः दोन प्रकारे लिहिला जातो. वैद्यकाचा अभिमान बाळगणारे लेखक तिच्याकडे अज्ञानाचा अवशेष म्हणून पाहतात. लसविरोधी पक्षाचे लेखक प्रत्येक शंकेच्या पोटी दडपलेले सत्य शोधू लागतात. दोन्ही पद्धतींत एक सोय आहे. निष्कर्ष आधीच ठरलेला असल्यामुळे कागदपत्रे चाळण्याचे श्रम वाचतात. लसीमुळे कर्करोग होतो काय, ही शंका मात्र या दोन्ही साच्यांत बसत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास ती ज्या स्वरूपात पुढे आली, त्या स्वरूपात तिचा जन्म बाजारगप्पांत झाला नाही. तो अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेत, नियमाने काम करणाऱ्या एका शास्त्रज्ञ स्त्रीच्या टेबलावर झाला. पुढे ती लोकांत पसरली, विस्तारली, विपर्यस्तही झाली. या प्रवासात काय खरे होते, काय खरे ठरले नाही आणि कोणत्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या गेल्या, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शंकेला एक जुनी पार्श्वभूमी आहे. जेन्नरच्या पद्धतीने देवी टोचण्याची प्रथा सुरू झाली तेव्हा एका मुलाच्या दंडावरील फोडातून द्रव घेऊन तो दुसऱ्याच्या दंडात टोचीत असत. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचले गेले, आणि तिच्या दंडापासून ही लस हिंदुस्थानभर हातोहात पसरली. या पद्धतीतील धोका उघड होता. एकाच्या अंगातील रोग दुसऱ्याच्या अंगात जाण्याची वाट तिने मोकळी केली होती. इटलीत रिव्हाल्टा येथे १८६१ साली एका मुलाच्या द्रवाने टोचलेल्या ६३ मुलांपैकी ४६ जणांना उपदंशाची बाधा झाली. डॉक्टरांनी बरीच वर्षे अशक्य मानलेली गोष्ट या घटनेने शक्य ठरविली. इंग्लंडमधील लसविरोधकांनी मग उपदंशाच्या जोडीस महारोग, क्षय आणि कर्करोग यांचेही खापर लसीवर फोडले. उपदंशाच्या आरोपाला पुरावा होता. कर्करोगाच्या आरोपाला, मृत्युनोंदींत कर्करोगाचे आकडे वाढत आहेत, एवढाच आधार होता. ती वाढ पुष्कळ अंशी निदान सुधारल्यामुळे व माणसे अधिक काळ जगू लागल्यामुळे दिसत होती. तथापि खऱ्या दोषाच्या आधारे उभा राहिलेला अविश्वास अप्रमाणित आरोपांनाही आपल्या पोटात सामावून घेतो, हा या वादाचा विशेष तेव्हापासूनच दिसतो. १८८९ मध्ये नेमलेल्या राजनियुक्त आयोगाचे काम १८९६ पर्यंत चालले, आणि १८९८ च्या कायद्याने दंडावरून दंडावर टोचणे बंद होऊन वासराच्या लसीचा मार्ग पक्का झाला. विरोधकांच्या आरडाओरडीचा हा एक प्रत्यक्ष लाभ होय, हे मान्य करावयास हरकत नाही.

विसाव्या शतकात या शंकेला नवे बळ मिळाले ते विषाणूशास्त्राकडून. पेटन राऊस याने १९११ साली कोंबडीच्या एका गाठीचा अर्क अत्यंत बारीक गाळणीतून गाळून दुसऱ्या कोंबडीला टोचला आणि तिलाही तशीच गाठ झाली. या शोधाकडे कित्येक वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही. राऊसला नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ मध्ये. मधल्या काळात १९५१ साली लुडविक ग्रॉसने उंदरांतील रक्ताच्या कर्करोगामागे विषाणू असल्याचे दाखविले, आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात सारा स्ट्यूअर्ट व बर्नीस एडी या दोघींनी पॉलिओमा हा विषाणू वेगळा केला. उंदीर, हॅम्स्टर आदी प्राण्यांत तो अनेक प्रकारच्या गाठी उत्पन्न करीत असे. कर्करोगाचा विषाणूशी संबंध असू शकतो, हे १९६० च्या सुमारास तज्ज्ञांनी गांभीर्याने घ्यावे असे मत झाले होते. आणि नेमक्या याच दशकात, मानवी इतिहासात पूर्वी कधी घडले नव्हते इतक्या प्रमाणावर, निरोगी मुलांच्या शरीरात प्राण्यांच्या पेशींवर वाढविलेली लस टोचली जात होती.

बालपक्षाघाताची, म्हणजे पोलिओची, ही लस कशी तयार होई हे समजल्याखेरीज पुढील प्रकरण समजणार नाही. पोलिओचा विषाणू केवळ मज्जातंतूंच्या पेशींत वाढतो अशी दीर्घकाळ समजूत होती. एंडर्स, वेलर व रॉबिन्स यांनी १९४९ मध्ये ती खोटी ठरविली आणि इतर ऊतींच्या संवर्धनातही तो वाढविता येतो हे सिद्ध केले. या शोधामुळे लस विपुल प्रमाणात करणे शक्य झाले. जोनास साल्क याच्या पद्धतीत माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशी काचपात्रांत वाढवीत, त्यांवर पोलिओचा विषाणू पोशीत आणि मग फॉर्मॅलीनने त्याला निष्प्राण करीत. १९५४ साली सुमारे १८ लक्ष मुलांचा सहभाग असलेली चाचणी झाली; १२ एप्रिल १९५५ रोजी ॲन आर्बर येथे तिचे अनुकूल निष्कर्ष जाहीर झाले, आणि त्याच दिवशी परवाने देण्यात आले. त्यानंतर काही आठवड्यांतच कॅलिफोर्नियातील कटर कंपनीच्या लसीच्या काही खेपांत जिवंत पोलिओ विषाणू राहून गेल्याचे उघड झाले. सुमारे २०० जण पक्षाघाताने पंगू झाले व १० मृत्यू पावले. हा अपघात लसीच्या तत्त्वातील नव्हता, निर्मितीतील होता. पण सरकारी देखरेखीचे दौर्बल्य त्याने उघडे पाडले. या अपघातापूर्वीच, १९५४ मध्ये, लसीच्या सुरक्षिततेच्या चाचण्या घेताना बर्नीस एडी यांच्या काही माकडांना पक्षाघात झाला होता आणि तसे त्यांनी वरिष्ठांना कळविलेही होते. त्या इशाऱ्याचा उपयोग झाला नाही.

येथे हिंदुस्थानचा संबंध येतो, आणि तो नाममात्र नाही. लस बनविण्यासाठी लागणारी माकडे बहुतांशी ऱ्हीसस जातीची, म्हणजे उत्तर हिंदुस्थानात गावोगाव दिसणारी लालतोंडी वानरे होती. या दशकाच्या उत्तरार्धात ती दर वर्षी लाखाच्या हिशेबाने विमानांतून परदेशी जात. उत्तर प्रदेशातील शेते व देवळांच्या आसपास पकडलेली ही जनावरे पिंजऱ्यांत कोंबून पाठविली जात. वाटेतील हालांच्या वार्ता आल्यावर १९५५ मध्ये भारत सरकारने निर्यात काही काळ रोखली आणि वैद्यकीय कामापुरतीच माकडे वापरण्याच्या अटीवर ती पुन्हा सुरू केली. मारुतीच्या देशातून मारुतीच्या गणांची ही निर्यात लोकांच्या मनाला रुचण्यासारखी नव्हतीच. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. निरनिराळ्या ठिकाणची माकडे एकत्र कोंडली गेल्याने त्यांच्यातील विषाणू एकमेकांकडे पसरण्यास वाव मिळाला. पाश्चात्त्य प्रयोगशाळांना वानराचे मूत्रपिंड हा स्वच्छ कच्चा माल वाटत होता. वस्तुतः ते अनेक अज्ञात विषाणूंचे माहेरघर होते.

ही गोष्ट तज्ज्ञांना अगदीच ठाऊक नव्हती असे नाही. रॉबर्ट हल हा लिली कंपनीतील संशोधक माकडांच्या पेशींत आढळणाऱ्या विषाणूंना अनुक्रमांक देत होता. ही गणना एकोणचाळिसापर्यंत गेली होती. फॉर्मॅलीन सर्वांनाच मारते, असा भरवसा असल्यामुळे या यादीने कोणाची झोप उडाली नाही. १९५९ मध्ये बर्नीस एडी यांनी एक साधा प्रयोग आरंभिला. ऱ्हीससच्या निरोगी दिसणाऱ्या मूत्रपिंडपेशींचा अर्क त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या हॅम्स्टरांना टोचला. काही महिन्यांनी त्यांपैकी बहुतेकांच्या अंगावर गाठी आल्या, आणि जनावरे दगावू लागली. लस ज्या पेशींवर वाढते त्याच पेशींत गाठ उत्पन्न करणारे काहीतरी आहे, एवढाच या प्रयोगाचा अर्थ होता. पण एवढा अर्थही पुष्कळ होता.

एडी यांचे वरिष्ठ जोसेफ स्मॅडेल यांना १९६० च्या जुलैत हे निष्कर्ष दाखविण्यात आले तेव्हा त्यांनी त्यांना महत्त्व दिले नाही. ऑक्टोबरमध्ये एडी यांनी न्यूयॉर्क येथील कर्करोगतज्ज्ञांच्या सभेत या प्रयोगाचा उल्लेख केला. त्यानंतर त्यांना कडक समज मिळाली. वरिष्ठांच्या पूर्वसंमतीवाचून भाषण करण्यास वा निबंध प्रसिद्ध करण्यास त्यांना मनाई झाली, आणि लसींच्या तपासणीचे त्यांचे काम क्रमाने काढून घेण्यात आले. त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला तो १९६१ मध्ये. स्मॅडेल यांच्या वर्तनाचा विचार करताना कटरचा अपघात विसरता येत नाही. आणखी एका वार्तेने लोक लसीपासून पळतील, अशी धास्ती त्यांना वाटली असल्यास ती निराधार नव्हती. पण धास्तीपोटी त्यांनी जे केले त्याने लसीचे रक्षण झाले असे म्हणता येत नाही. एडी यांच्या हाती कोणतीही अफवा नव्हती, परिणाम होते. आणि ते तपासून पाहण्याचा मार्गही सोपा होता.

तो मार्ग दुसऱ्यांनी चोखाळला. मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेत मॉरिस हिलमन व बेन स्वीट हे माकडांच्या विषाणूंच्या उपद्रवाला कंटाळून शुद्ध पेशींच्या शोधात होते. वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालकपद भूषविलेले विल्यम मॅन यांच्या सल्ल्यावरून हिलमनने ऱ्हीससऐवजी पश्चिम आफ्रिकेतील हिरवी माकडे आणविली, आणि तीही इतर माकडांशी वाटेत संपर्क येणार नाही अशा मार्गाने. या आफ्रिकी पेशींवर ऱ्हीससच्या संवर्धनातील द्रव टाकताच त्यांत पोकळ बुडबुडे दिसू लागले व पेशी मरू लागल्या. ऱ्हीससच्या पेशींत हा विषाणू निमूटपणे राहत होता, म्हणून आजवर कोणालाही दिसला नव्हता. परक्या घरी जाताच त्याने आपले अस्तित्व दाखविले. हलच्या यादीतील पुढचा क्रमांक त्याला मिळाला : एस. व्ही. ४०, म्हणजे माकडांतील चाळिसावा विषाणू. हिलमनने हा शोध १९६० च्या जूनमध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत जाहीर केला. आल्बर्ट सेबिनच्या तोंडाने द्यावयाच्या लसीत हा विषाणू होता. आणि ज्या साल्क लसीत तो फॉर्मॅलीनने मेला असेल असे मानले जात होते, तिच्या काही खेपांतही तो जिवंत असल्याचे लवकरच आढळले. पोलिओच्या विषाणूपेक्षा तो फॉर्मॅलीनला अधिक काळ दाद देत नाही, हे कोणी आधी तपासले नव्हते. १९६२ साली एडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या हॅम्स्टरांतील गाठींचे कारण हाच विषाणू असल्याचे दाखवून दिले, आणि हिलमनच्या मंडळींनाही तोच अनुभव आला.

अशा रीतीने दोन प्रश्नांची उत्तरे निश्चित झाली. लसीत परका विषाणू होता काय? होता. तो प्राण्यांत अर्बुद उत्पन्न करतो काय? करतो, निदान नवजात हॅम्स्टरांत तरी निश्चित करतो. तिसरा प्रश्न राहिला : माणसांत त्याने कर्करोग झाला काय? हा तिसरा प्रश्न पहिल्या दोहोंपासून निघतो, पण त्यांच्या उत्तरांत त्याचे उत्तर सामावलेले नाही. नवजात हॅम्स्टराची प्रतिकारशक्ती अपुरी असते, त्याला दिलेली मात्रा शरीराच्या मानाने प्रचंड असते, आणि एका जातीत गाठ करणारा विषाणू दुसऱ्या जातीत निरुपद्रवी असू शकतो. खुद्द ऱ्हीसस माकडे हा विषाणू आयुष्यभर बाळगून धडधाकट राहतात. पुढील साठ वर्षांच्या वादाचा बहुतेक गोंधळ हे तीन प्रश्न वेगळे न ठेवण्यातून झालेला आहे. आणि तो गोंधळ दोन्ही पक्षांनी केला आहे.

अमेरिकन शासनाने १९६१ मध्ये निर्णय घेतला की यापुढील लस एस. व्ही. ४० पासून मुक्त असली पाहिजे. मात्र बाजारात गेलेला जुना साठा परत मागविण्यात आला नाही; त्यामुळे १९६३ पर्यंत दूषित लस वापरात राहिली. १९५५ ते १९६३ या काळात अमेरिकेत ९ कोटी ८० लक्ष लोकांनी पोलिओची लस घेतली होती, आणि त्यांपैकी १ ते ३ कोटींच्या शरीरात हा विषाणू गेला असावा असा अंदाज आहे. सोव्हिएत संघातही सेबिनची लस कोट्यवधी लोकांना दिली गेली होती. हा निर्णय योग्य होता काय? शासनापुढे पारड्याची दुसरी बाजू होती. १९५२ साली अमेरिकेत पोलिओचे सुमारे ५८,००० रुग्ण नोंदले गेले होते. १९६१ साली ती संख्या १,३०० च्या आसपास आली होती. लसीकरण थांबविले असते तर किती मुले पंगू झाली असती, हे बरेचसे निश्चितपणे सांगता आले असते. विषाणूमुळे किती जणांना काय झाले असते, हे कोणालाही सांगता येत नव्हते. लस चालू ठेवण्याचा निर्णय या दृष्टीने समर्थनीय आहे. पण लस चालू ठेवणे ही एक गोष्ट आणि ती देताना पालकांना काहीच न सांगणे ही दुसरी. वृत्तपत्रांतून जे आले ते त्रोटक होते, आणि शासनाने लोकांना विश्वासात घेऊन निवेदन केले असे झाले नाही. साठा मागविल्यास घबराट होईल, या एका भीतीसाठी शासनाने पुढील दोन पिढ्यांच्या संशयाची बीजे पेरली.

या काळातील एक विसंगती येथे नमूद करण्याजोगी आहे. माकडांच्या मूत्रपिंडातील अज्ञात विषाणूंचा उपद्रव टाळावा म्हणून फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेतील लिओनार्ड हेफ्लिकने मानवी गर्भाच्या पेशींची एक शुद्ध परंपरा सिद्ध केली. युगोस्लाव्हियात तिच्यावर पोलिओची लस करून दिली जाऊ लागली. अमेरिकन शासनाच्या त्याच तपासणी विभागाने मात्र, मानवी पेशींत कर्करोगाचा एखादा अदृश्य विषाणू दडलेला असू शकेल, या कारणास्तव दहा वर्षे या पेशींना परवाना दिला नाही. तो मिळाला १९७२ साली. म्हणजे ज्या माकडपेशींत गाठ करणारा विषाणू प्रत्यक्ष सापडला होता त्या मान्य होत्या, आणि ज्यांत तो सापडला नव्हता त्या केवळ शंकेमुळे अमान्य होत्या. कर्करोगाची भीती केवळ अशिक्षितांच्या मनात असते, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

तिसऱ्या प्रश्नाचा पहिला शोध जोसेफ फ्राउमेनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. १९५५ मधील लसीच्या जपून ठेवलेल्या नमुन्यांची तपासणी करून कोणत्या राज्यात किती दूषित लस गेली हे त्यांनी ठरविले आणि त्या त्या राज्यांतील मुलांच्या कर्करोगमृत्यूंशी त्याचा ताळा पाहिला. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधाचा निष्कर्ष असा की फरक दिसत नाही. पद्धत चतुर होती. पण अवधी अवघा चार वर्षांचा होता. कित्येक कर्करोग कारण घडल्यानंतर वीस-तीस वर्षांनी प्रकट होतात. त्यामुळे या निष्कर्षाचा खरा अर्थ, इतक्यात तरी काही दिसत नाही, एवढाच होता. अधिकाऱ्यांनी त्याला त्याहून अधिक भार दिला. क्लीव्हलँड येथे १९६० ते १९६२ या काळात जन्मतःच दूषित लस दिलेल्या १,०७३ मुलांचा मागोवा पुढे सतरा ते एकोणीस वर्षे घेण्यात आला व १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतही कर्करोगाची वाढ आढळली नाही. येथे अवधी बरा होता, पण संख्या लहान होती.

याच सुमारास पीतज्वराच्या लसीविषयी निघालेला असाच प्रश्न अधिक सरळपणे सुटला, ही तुलना उपयुक्त आहे. ती लस कोंबडीच्या गर्भावर वाढवीत, आणि १९६६ मध्ये तिच्या काही खेपांत कोंबड्यांत रक्ताचा कर्करोग करणारा विषाणू आढळला. दुसऱ्या महायुद्धात ही लस घेतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या नोंदी सैन्याच्या दप्तरात सुरक्षित होत्या. त्यांवरून १९७२ साली असे दाखविता आले की त्यांच्यात कर्करोगाचे प्रमाण अधिक नव्हते. पोलिओच्या बाबतीत तसे दप्तर नव्हते. कोणत्या मुलाला कोणत्या खेपेची लस मिळाली याची नोंदच नव्हती. १९६१ मध्ये साठा परत मागवून त्याचा हिशेब ठेवला असता तर पुढील शास्त्रज्ञांचे निम्मे काम झाले असते. एडी यांच्या दडपलेल्या इशाऱ्याचे प्रकरण १९७१-७२ च्या सुमारास अमेरिकन संसदेपुढे आले. त्या चौकशीनंतर लसींच्या नियंत्रणाचे काम त्या विभागाकडून काढून अन्न व औषध प्रशासनाकडे देण्यात आले.

दरम्यान हा विषाणू प्रयोगशाळांचा आवडता झाला होता. त्याचे जनुकीय द्रव्य लहान असल्याने पेशी कर्करोगी कशी बनते याचा अभ्यास त्याच्यावर करणे सोयीचे होते. पॉल बर्गने १९७२ साली भिन्न जिवांची जनुकीय द्रव्ये प्रथम जोडली ती याच विषाणूच्या साहाय्याने. आणि ते द्रव्य माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूत घालण्याच्या कल्पनेने जी चिंता उत्पन्न झाली तिची परिणती १९७५ च्या ॲसिलोमार परिषदेत झाली. १९७९ मध्ये या विषाणूच्या एका प्रथिनाला चिकटलेले पेशीतील प्रथिन सापडले. आज ज्याला पी ५३ म्हणतात आणि अर्ध्याअधिक मानवी कर्करोगांत ज्यात बिघाड आढळतो ते हेच. लोकांच्या भीतीचा विषय झालेल्या विषाणूने कर्करोगाविषयीच्या ज्ञानात अशी मोलाची भर घातली, हा इतिहासाचा एक विलक्षण योग म्हणावा लागेल.

१९९२ मध्ये वादाने पुन्हा उचल खाल्ली. जनुकीय द्रव्याच्या सूक्ष्म अंशाच्या लक्षावधी प्रती करून तो शोधून काढण्याची नवी पद्धत हाती आली होती. तिच्या साहाय्याने लहान मुलांच्या मेंदूतील काही गाठींत या विषाणूचे अवशेष सापडल्याचे जाहीर झाले. १९९४ मध्ये मिकेले कार्बोने यांनी फुप्फुसावरणाच्या कर्करोगात, मेसोथेलिओमात, तसेच अवशेष दाखविले. हा रोग मुख्यतः ॲस्बेस्टॉसमुळे होतो. अन्य प्रयोगशाळांपैकी काहींना हे आढळले, काहींना मुळीच आढळले नाही. पद्धत जितकी सूक्ष्म तितका भेसळीचा धोका अधिक. शास्त्रज्ञांच्या नित्य वापरातील अनेक जनुकवाहकांत याच विषाणूचे तुकडे घातलेले असतात, आणि त्यांचा एखादा कण नमुन्यात गेला तरी उत्तर होकारार्थी येते. २००४ मध्ये न्यूयॉर्कमधील एका संशोधकगटाने नेमके हेच घडत असल्याचे दाखवून दिले. तपासणीसाठी निवडलेला जनुकांश बदलताच होकारार्थी उत्तरे जवळजवळ नाहीशी झाली. तरीही सर्वच निष्कर्ष यामुळे रद्द झाले असे कार्बोने यांचा पक्ष मानीत नव्हता, हेही नोंदविले पाहिजे.

लोकसंख्येच्या अभ्यासांचे वजन मात्र एकाच बाजूस पडत गेले. १९९८ मध्ये अमेरिकेतील जन्मवर्षनिहाय तुलना प्रसिद्ध झाली. बालपणी दूषित लस मिळालेल्या पिढ्यांत संशयित कर्करोगांचे प्रमाण, ती न मिळालेल्या पिढ्यांपेक्षा वाढलेले नव्हते. मेसोथेलिओमाची वाढ दिसली ती प्रामुख्याने वृद्ध पुरुषांत, म्हणजे ज्यांना ही लस मिळण्याचा संभव सर्वांत कमी होता त्यांच्यात. डेन्मार्कमध्ये, जेथे कर्करोगाची राष्ट्रीय नोंदणी दीर्घकाळ चालू आहे, २००३ मध्ये तोच निष्कर्ष निघाला. त्याआधी, २००२ साली, अमेरिकेच्या वैद्यकीय संस्थेच्या समितीने दिलेला अभिप्राय वादाच्या दोन्ही पक्षांना गैरसोयीचा होता. हा विषाणू पेशींत कर्करोगी बदल घडवू शकतो याचा पुरावा बळकट आहे, पण दूषित लसीने माणसांत कर्करोग झाला हे स्वीकारण्यास वा नाकारण्यास उपलब्ध पुरावा अपुरा आहे, असे तिने म्हटले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन विभागाच्या तज्ज्ञगटानेही २०१२ मध्ये या विषाणूला, मानवातील कर्करोगजनकतेविषयी वर्गीकरण करता येत नाही, अशा तिसऱ्या गटात ठेवले. साठ वर्षांत मोठा अनर्थ घडला असता तर तो लपला नसता, हे अनुमान रास्त आहे. अत्यल्प परिणाम मुळीच झाला नाही, हे सिद्ध करण्याचे साधनच १९६१ मध्ये हातचे गेले.

भारतात हा वाद फारसा पोहोचला नाही, याचे कारण साधे आहे. ज्या वर्षांत लस दूषित होती त्या वर्षांत येथील मुलांना ती सार्वत्रिकपणे मिळतच नव्हती. शासकीय लसीकरण कार्यक्रमात पोलिओची लस आली ती १९७९ च्या सुमारास. म्हणजे देशाने माकडे दिली आणि लसीच्या गुणदोषांपासून वीस वर्षे दूर राहिला; त्या वीस वर्षांत पोलिओने येथे किती मुले पंगू केली याचा हिशेबही याच खात्यात मांडावा लागतो. माकडांची निर्यात १९७८ मध्ये बंद झाली. अमेरिकेत ती लष्करी किरणोत्सर्गाच्या प्रयोगांसाठी वापरली गेल्याचे उघडकीस आले होते, आणि १९५५ च्या अटीचा हा सरळ भंग होता.

एस. व्ही. ४० हे नाव विस्मृतीत जाईल असे वाटत असतानाच २०२३ साली ते पुन्हा लोकांच्या तोंडी आले. कोविडच्या एका परदेशी लसीच्या निर्मितीत वापरलेल्या जनुकवाहकात या विषाणूचा एक तुकडा असल्याचे, आणि त्याचे सूक्ष्म अवशेष लसीत उरत असल्याचे, स्वतंत्रपणे तपासणी करणाऱ्यांनी प्रसिद्ध केले. भारताच्या लसीकरणात ही लस वापरली गेली नव्हती. तो तुकडा म्हणजे विषाणू नव्हे; ज्या प्रथिनामुळे पेशींत कर्करोगी बदल होतो त्याचे जनुक त्यात नाही, आणि अवशेषांमुळे कर्करोग झाल्याचा पुरावा पुढे आलेला नाही. तथापि कॅनडाच्या आरोग्य खात्याने त्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये, तो तुकडा त्या जनुकवाहकात आहे, आणि परवान्याच्या अर्जात उत्पादकाने त्याचा स्वतंत्र निर्देश केलेला नव्हता, अशी दोन्ही गोष्टींची कबुली दिली. लोकांत जी खळबळ झाली ती पहिल्या गोष्टीपेक्षा दुसरीमुळे अधिक झाली.